प्रश्नांचा उपास

नंदनवन, नागपूर
१ मार्च १९७९

प्रिय पंचफुला,
सप्रेम सलाम.

हे पत्र वाचताना तुला काहीतरी कमी असल्यासारखं वाटेल, मीठ विसरलेल्या वरणासारखं. शोधत बसू नकोस, सांगून टाकते. या पत्रात एकही प्रश्न नाही. तुझी तब्येत, रुपरावांचे गुडघे, तुमच्या घराच्या नव्या चौकटी, यातलं मी काहीएक विचारत नाही. वाटलं तर लिही. न लिहिलंस तर मी तडफडेन, पण विचारणार नाही.

काल आमचा राखेचा बुधवार झाला. इथून ईस्टरपर्यंत लेंत, म्हणजे आमच्या उपासाचे दिवस. ट्रेनिंग कॉलेजच्या होस्टेलात मी या दिवसांत गूळ सोडायचे आणि माझ्या वाटचा गूळ तू खायचीस, त्यामुळे लेंत तुला माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. दरवर्षी प्रत्येकानं काहीतरी सोडायचं असतं. गेल्या वर्षी मी चहा सोडला आणि कॉफी धरली. आमच्या चर्चमधल्या कुसुमताईंनी मटण सोडलं. ते डॉक्टरनं आधीच बंद केलं होतं, म्हणजे त्यांनी देवाला डॉक्टरचं उष्टं वाढलं.

यंदा मात्र पाळकसाहेबांनी मला पकडलं, तेही पोस्टाच्या पेटीपाशी. तुला लिहिलेलं मागचं पत्र मी पेटीत टाकलं आणि नेहमीसारखी पोस्टमन येईपर्यंत कडुनिंबाखाली उभी राहिले. तो सगळी पत्रं काढतो की एखादं तळाशी सोडतो, हे पाहिल्याशिवाय माझा पाय निघत नाही. पाळकसाहेब सायकलवरून उतरले. म्हणाले, "बाई, तुम्ही प्रार्थनाही अशीच करता. काळजी देवाच्या हाती देता आणि तो तिचं काय करतो ते बघत तिथंच उभ्या राहता. यंदा विचारणं सोडा. घराला कळेल असं काहीतरी सोडा." वयानं माझ्या मुलाएवढा माणूस, पण बोलतो ते लागतं. वर्गात पोरींना विचारणं नोकरीत मोडतं, तेवढं त्यांनी माफ केलं. बाकी सगळं बंद.

घरी आमच्या यांना हे सांगितलं तर सिलासराव इतके खूश झाले की मला संशय आला. तीस वर्षं माझ्या प्रत्येक "काय झालं"ला हे "काही नाही" म्हणत आले. आता तेवढेही कष्ट वाचले.

आणि नेमकं याच वेळी यांचं काहीतरी बिनसलंय. रिटायर झालेला माणूस रोज दुपारी उन्हात सायकल काढतो, तो संध्याकाळी परत येतो. शर्टाच्या बाहीवर पिवळी पूड असते. चर्चमध्ये गीतपुस्तक उघडून उभे राहतात, ओठ हलवतात, आवाज काढत नाहीत. ज्यांच्या आवाजावर अख्खी मंडळी सूर धरते, तो हा माणूस. काय झालंय ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि मी शपथ घेऊन बसले आहे.

तुझी,
प्रेमिला


कुही
६ मार्च १९७९

प्रिय प्रेमिले,
सप्रेम नमस्कार.

तुहं पत्र वाचून मी हसून राहिली होती तं रुपराव म्हणे, "काय झालं वं?" म्हटलं, पाहा, याले प्रश्न म्हणतात. नागपूरच्या एका बाईले हा ईस्टरपर्यंत बंद आहे.

हा कसा वं तुमचा देव? आमचा देव नवस घेते, नारळ घेते, कोंबडं घेते. तोंड काही मागत नाही. आणि तुहं तोंड घेऊन तो करन काय? त्याले झोप लागू देशीन काय तू?

मस्करी सोड. खरं सांगजो, काळजी देवावर टाकाची म्हणजे नेमकं कराचं काय असते? मी दर सोमवारी महादेवाच्या पिंडीवर पाणी घालते आणि घरी येतवरी माही काळजी माह्या आधी उंबरठ्यावर येऊन बसली राहते. तुमच्यात ती चर्चमधेच राहते काय? की तिलेही तुमच्यासंगं बाकावरून उठाची घाई असते?

आता भाऊजीचं. पिवळी पूड म्हणजे हळद तं नाही? मायबाई, या वयात त्याईले कोण बोहल्यावर चढवून राहिलं? आवाज काहून बसला? लगनात गाणे म्हणून म्हणून बसला काय? विचार ना वं त्याईले! एका प्रश्नानं काय होते? आमच्या एकादशीले शेंगदाणे चालतात, तसा एखादा शेंगदाण्याएवढा प्रश्न तुमच्यात नाही चालत काय?

तुही,
पंचफुला


नंदनवन, नागपूर
१२ मार्च १९७९

प्रिय पंचफुला,
सप्रेम सलाम.

शेंगदाणा चालत नाही. तुझं पत्र मी यांच्यासमोर वाचलं नाही, नाहीतर बोहल्याचं ऐकून यांनी सायकलला हारच बांधला असता.

उपास किती अवघड जातोय ते सांगते. मी आता विधानं करते. "आज उशीर झाला." "ऊन फार आहे." "कुठूनतरी लांबून आल्यासारखं दिसतंय." परवा असंच एक विधान केलं तर हे म्हणाले, "भुवई खाली घे. भुवईनं विचारलेलंही धरतात." तेव्हापासून मी चष्मा कपाळावर ठेवून बोलते.

त्याहून मोठा मोह काल दारात आला. शेजारच्या कौसल्याबाई पायरीवर बसल्या, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्या केशवनं तुमच्या साहेबांना लकडगंजात पाहिलं, लाकडं कापायच्या एका आरामशीनच्या..." आणि थांबल्या. बायका का थांबतात ते तुला ठाऊक आहे. समोरचीनं "मग" म्हणावं म्हणून. मी "मग" म्हटलं नाही. पदराचं टोक दातात धरलं. कौसल्याबाईंनी वाट पाहिली, माझ्याकडे नवलानं पाहिलं, आणि घरात कढी उतू गेल्याचा वास आला म्हणून पळाल्या. ते अर्धं वाक्य रात्रीपर्यंत माझ्या पायरीवर पडून होतं.

म्हणजे ती पूड हळद नसून लाकडाचा भुसा आहे, एवढं न विचारता कळलं. पण लकडगंजात ओंडके आणि फळ्या सोडून काही नाही, आणि हा माणूस भिंतीत खिळा ठोकायलाही शेजारच्याला बोलावणारा.

आज आणखी एक. हे माझ्या शिवणाची टेप घेऊन आले. म्हणाले, "माझी उंची किती भरते गं? आणि खांदे मोज, या टोकापासून त्या टोकापर्यंत." मी मोजलं. मला वाटलं, ईस्टरला नवा कोट शिवायचा असेल. पण कोटाला टाचेपासून माप लागत नाही.

तुझ्या काळजीच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. माझीही बाकावर बसत नाही. आधी घरी येते आणि दार उघडून मलाच आत घेते.

तुझी,
प्रेमिला


कुही
१७ मार्च १९७९

प्रिय प्रेमिले,
सप्रेम नमस्कार.

अवं, तू मास्तरीण कशी झाली? मुलींले गणित शिकवते म्हणते आणि एवढं नाही जमत? फळ्या, माणसाची उंची, खांद्याचं माप. झोपाळा होऊन राहिला तुह्या घरी, झोपाळा! आडवं झोपता यावं असा. होस्टेलातल्या खिडकीतून समोरच्या वाड्यातला झोपाळा पाहून तू काय म्हणत होती, आठवते काय? "माझ्या घरी असा असला तर मी कोणाला काही विचारणार नाही, नुसती झोके घेत बसेन." भाऊजीले सांगितलं असशीन कधीतरी. त्याईनं ते खरं करून दाखवाचं ठरवलं नसन कशावरून? लगनाचं तिसावं वर्ष नाही काय हे?

आणि आवाज? भुसा गेला असन घशात. गरम पाणी देत जाय.

आमच्या चौकटींले लाकूड घ्याचं आहे म्हणून पुढच्या आठवड्यात मी रुपरावसंगं लकडगंजले येऊन राहिली. तुह्या घरी येईन की नाही, ते एसटीवर आहे. पण तो झोपाळा मी आपल्या डोळ्यानं पाहूनच येते. शपथ तुही आहे, माही नाही! मी तं विचारू शकते ना?

तुही,
पंचफुला


नंदनवन, नागपूर
२१ मार्च १९७९

प्रिय पंचफुला,
सप्रेम सलाम.

झोपाळा! कसं सुचलं नाही मला, असं म्हणणार होते, पण तोही प्रश्नच झाला असता.

वाचल्यापासून मी व्हरांड्यातल्या तुळया न्याहाळतेय. मधली भक्कम आहे. कड्या पितळेच्याच हव्यात, लोखंडी कुरकुरतात. यांना मी काही बोलले नाही. फक्त जेवताना सहज म्हटलं, "आपला व्हरांडा रिकामा रिकामा वाटतो." हे ताटावरून उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मेला माणूस, लाजला बहुतेक.

तू काय पाहिलंस ते लिही, असं मी म्हणत नाही. पण कागद लांब घे.

तुझी,
प्रेमिला


कुही
२७ मार्च १९७९

प्रिय प्रेमिला,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सोमवारी लकडगंजले जाऊन आलो. चौकटींले बिजाचं लाकूड घेतलं. भाव बरा पडला. रुपरावचे गुडघे दुखले, म्हणून लवकर परत निघालो. तुह्या घरी येणं झालं नाही, त्याचं वाईट वाटते.

इकडे ऊन वाढलं. धानाची पेंढी भरून ठेवली. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या. म्हशीनं दूध कमी केलं आहे. गावात सगळं ठीक आहे.

तब्येतीले जपजो. भाऊजीलेही जप. रोज त्याईच्याजवळ बसत जाय, काम बाजूले ठेवून.

तुही,
पंचफुला


नंदनवन, नागपूर
३१ मार्च १९७९

प्रिय पंचफुला,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एकही प्रश्न नाही.

लेंत मी पाळतेय, तू नाही. तू तर होस्टेलात मेट्रनलाही "बाई, तुम्ही लगन काहून नाही केलं?" असं विचारणारी. तुझ्या म्हशीनं दूध कमी केलं तरी तू मला विचारतेस की नागपूरच्या म्हशी काय करून राहिल्या. आणि झोपाळ्याचा शब्द नाही. ज्या झोपाळ्यासाठी तू लकडगंजपर्यंत आलीस, तो पत्रातून गेला.

म्हणजे तू यांना पाहिलंस. यांनी तुला काही सांगितलं. आणि मला कळू देणार नाहीस म्हणून तू वचन दिलंस. तुला खोटं लिहिता येत नाही, म्हणून तू म्हशीवर लिहिलंस.

काल मी एक कार्ड घेतलं. त्यावर तुझं नाव आणि खाली फक्त "काय आहे?" एवढंच लिहिलं. तू उत्तर दिलं असतंस, हे मला माहीत आहे. वचन मोडून दिलं असतंस, आणि मग जन्मभर यांच्यासमोर मान खाली घातली असतीस. कार्ड शेगडीत घातलं. हा चहा-गूळ सोडण्याचा उपास नाही, हे काल पहिल्यांदा कळलं. गूळ सोडला तर फार तर जिभेला दुखतं.

आता मी झोपताना यांचा श्वास ऐकत पडते. संध्याकाळी यांच्याजवळ बसते, तू सांगितलंस तशी. हे बोलत नाहीत, मी विचारत नाही. पण दोन दिवसांपूर्वी यांनी आपणहून माझ्या हातावर हात ठेवला, आणि तीस वर्षांत माझ्या कुठल्याच प्रश्नाला असं उत्तर मिळालं नव्हतं.

मी विचारत नाही, पंचफुला. तूही सांगू नकोस.

तुझी,
प्रेमिला


कुही
५ एप्रिल १९७९

प्रेमिले,

नाही सांगत. पण आज मी महादेवाले पाणी घातलं, तिथं तुमच्या देवाचंही नाव घेतलं. कोणाच्या हाती लागन त्यानं पाहावं. तिथून मागं न पाहता घरी आली. काळजी आली मागून, पण उशिरा आली वं.

तुही,
पंचफुला


नंदनवन, नागपूर
१६ एप्रिल १९७९

प्रिय पंचफुला,
सप्रेम सलाम.

लेंत संपला. काल ईस्टर झाला. तुझं वचनही आता सुटलं, कारण यांनीच सगळं सांगितलं.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना आटोपून आम्ही पायी घरी निघालो. यांच्या हातात सायकल. अर्ध्या रस्त्यात यांनी ती स्टँडवर लावली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू विचारत का नाहीस?"

"लेंत आहे."

"इतकं खरंखुरं पाळायचं असतं का?"

मी सायकल कलत नाही ना ते पाहिलं.

"तू विचारलं असतंस तर मी 'काही नाही' म्हणून सुटलो असतो. सुटकेचा तोच एक रस्ता मला येतो. तू तोच बंद केलास."

मग सांगितलं. गळ्यात गाठ आहे. डॉक्टर फेब्रुवारीतच म्हणाले होते की काढावी लागेल, आणि काढल्यावर कळेल ती कशाची. हे भ्याले. दवाखान्यात जायचं सोडून लकडगंजला गेले आणि तिथल्या सुताराकडे स्वतःची शवपेटी करायला टाकली. तू पाहिलंस ते हेच.

कारणही यांच्यासारखंच. आमच्या दफनभूमीच्या कमिटीत हे वीस वर्षं आहेत. घाईत शवपेटीला खोक्यांच्या फळ्या ठोकतात, तळ कुरकुरतो, आणि खांदा देणारे गीत म्हणायचं सोडून खालून हात लावून चालतात, हे यांनी कितीदा पाहिलेलं. "तुला ती धास्ती नको," म्हणाले. साग मातीत घालायला जीव झाला नाही म्हणून हळदूचं लाकूड घेतलं. त्याचाच तो पिवळा भुसा. आणि माप मी माझ्या हातानं घेऊन दिलेलं.

मला एवढा राग आला की रडू मागं राहिलं. जीव देवाच्या हवाली करायचा आणि सुतारकाम मात्र आपल्या देखरेखीखाली! मी पोस्टाच्या पेटीशेजारी उभी राहते म्हणून मला उपास, आणि हा माणूस स्वतः पेटीत शिरून सांधे तपासत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मोकळ्या आहात. विचारा यांना काय विचारायचं ते." मोह पाळकाच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. माझ्याजवळ प्रश्नांची रांग होती. पण यांच्याजवळ त्यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं, आणि मी विचारत सुटले असते तर हे परत "काही नाही"च्या आत जाऊन कडी लावून बसले असते. म्हटलं, रविवारपर्यंत निभवते.

त्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीन तास आम्ही बाकावर होतो. प्रभू क्रुसावरून जे बोलला ते वाचतात. दरवर्षी ऐकते, पण यंदा माझ्या विचारण्याच्या उपासामुळे कान तिखट झाले होते. त्यात एक प्रश्न आहे, पंचफुला. प्रभूनं देवालाच विचारलं, "तू मला का सोडलंस?" आणि त्या दुपारी त्याला उत्तर मिळालं नाही. तरी त्यानं जीव सोपवला तो त्याच हातात. मी उठून बाहेर जाणार होते. मी तर जन्मभर उत्तर हातात पडल्याशिवाय काही सोडलंच नाही. भाजीवाल्याला नाही, पोस्टमनला नाही, देवालाही नाही.

तू विचारलं होतंस, काळजी टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं. मला एवढंच कळलं. ती नाहीशी होत नाही. त्या बाकावर ती माझ्या मांडीवरून उठली आणि शेजारी बसली. मला श्वास घेता आला. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे पाहिलं, आणि तिला मधे बसवून आम्ही उपासना पुरी केली.

काल पहाटेची उपासना करून घरी आलो. हे व्हरांड्यात खुर्ची टाकून तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखे बसले. "विचार," म्हणाले. "सगळं विचार."

कुठला डॉक्टर, इतके दिवस का लपवलं, आधी मला सोडून सुताराला का सांगितलं, सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडलं तर एकच निघालं.

"त्या फळ्यांचा झोपाळा होईल का?"

हे हसले. आवाज कसला, करवतच ती. पण माझ्या प्रश्नाला इतक्या पटकन "हो" आल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या सोमवारी गाठ काढणार आहेत. ती कशाची आहे, ते मग कळेल. सुतार आज दुपारी तुळई बघायला यायचा आहे. म्हणे, ही फळी दोघांना जरा लांबच होते. म्हटलं, राहू दे तशीच, आमच्याकडे पाहुणी येते अधूनमधून.

आता हे पत्र टाकून येते. थांबणार नाही, सुतार दारात उभा राहायचा.

तुझी,
प्रेमिला


कुही
१९ एप्रिल १९७९

प्रिय प्रेमिले,
सप्रेम नमस्कार.

पत्र हातात पडलं. पाहा, तू पेटीपाशी नव्हती तरी आलं!

डॉक्टर कोणता आहे? चांगला आहे काय? भाऊजीले भूल देतीन तं उपाशी ठेवतीन काय, आणि किती वेळ? त्या झोपाळ्याले कड्या पितळेच्याच लावल्या ना? भाऊजी आधी बसले की तू? मी बसली तं तुळई टिकन काय? मले भाऊजीनं त्या दिवशी त्या फळीवर हात ठेवून शपथ घ्याले लावली होती. आता त्याच फळीवर बसून मी त्याईले शिव्या देईन, चालन काय तुमच्या लेंताच्या बाहेर? पिवळा भुसा धुतल्यानं जाते काय वं? तुमच्या चर्चमधे आमच्यासारखी बाई बाकावर बसली तं कोणी काही म्हणन काय? गूळ आणू की चिवडा आणू?

सोमवारी दवाखान्यात तुह्या बाजूले कोण बसन, हे मी विचारून नाही राहिली. रविवारच्या पहिल्या एसटीनं मी येऊन राहिली.

तुही,
पंचफुला